घळीतला तांबडा पट्टा

मला उंचावर गेलं की हसू येतं. लोकांना घाम फुटतो, पाय लटपटतात, देव आठवतो. मी मात्र खदाखदा हसत सुटतो आणि ते काही केल्या आवरत नाही. लग्नानंतर बायकोला पहिल्यांदा अजिंक्यताऱ्यावर नेलं होतं. तटावरून खाली सातारा दाखवता दाखवता मी असा काही हसायला लागलो, की आपल्याला फसवून दिलं की काय असं तिला वाटलं. हे हसू म्हणजे निव्वळ भीती आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण भेदरलेल्या माणसाला लोक हात देतात, हसणाऱ्याला कोण देणार?

तरीही गेली बावीस वर्षं मी कराडजवळच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो आणि दरवर्षी नववीच्या फळ्यावर सह्याद्रीचा कडा काढतो. काळा थर, त्याखाली तांबडी रेघ, पुन्हा काळा थर. पहिल्याच वर्षी वर्ग फार दंगा करत होता म्हणून मी ठोकून दिलं, "कोयनेच्या खोऱ्यात एका घळीच्या काठावर उभं राहून मी हे थर माझ्या डोळ्यांनी मोजलेत." वर्ग चिडीचूप झाला. असं हुकमी वाक्य कोण सोडतो? ते दरवर्षी थोडं थोडं वाढत गेलं. गेल्या वर्षी तर मी त्या काठावर पाय सोडून बसलो होतो आणि शिदोरीही खाल्ली होती.

यंदा हेडमास्तरांनी खिंडीत गाठलं. "नववीची सहल तिकडंच काढू. वाट तुमच्या पायाखालची आहे." मी मान डोलावली. आता मुलांना न्यायच्या आधी ती घळ एकदा तरी बघून येणं भाग होतं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत एकट्यानं गुपचूप जाऊन यायचं ठरवलं. गुपचूप जमलं नाही, कारण घरी आत्या आली होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सत्तरीला टेकलेली, हाडानं बारीक आणि आवाजानं भरभक्कम. आमचं मूळ गाव पूर्वेला, आटपाडीच्या बाजूला. पूर्वी घरात मेंढरं होती, मग थोडं रान हाती आलं. आत्याचं सासर तिथून दोन गावं पलीकडे. वडील माझ्याकडं राहायला आल्यापासून ती भाऊबीजेला कराडला येते, वडिलांना ओवाळते आणि तिसऱ्या दिवशी कंटाळते. फ्लॅटमध्ये करायला काम नाही आणि शेजारचं दार कायम बंद. मी बूट घालताना दिसल्यावर तिनं विचारलं, "कुठं चाललायस रं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मीबी येते. हितं बसून बसून मला मुळं फुटायची."

"आत्या, चढ आहे."

"मग? मी काय सपाटीवर जन्माला आली व्हय?"

ती घळ नेमकी कुठं आहे हे मी सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तिथं कणसाची गाडी लागेल. पाटणच्या पुढं, कोयनेच्या खोऱ्याकडं उतरणारा एक ओढा आहे आणि त्यानं डोंगर उभा चिरत नेलाय, एवढं पुरे. पायथ्याला गाडी लावली आणि चढायला लागलो. वीस पावलांत आत्या अडखळली. पुन्हा चार पावलं टाकली, पुन्हा अडखळली. मला वाटलं, झालं, आता हिला पाठीवर घ्यावी लागणार. पण ती थांबली, माझ्याकडं रागानं बघितलं आणि म्हणाली, "ती पिशवी आन हिकडं."

पिशवीत डबा होता, दोन बाटल्या पाणी होतं. आत्यानं माझा मफलर ओढून घेतला, त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि वर पिशवी. पिशवी उचलून अंदाज घेतला, नाक मुरडलं, वाटेवरचा चांगला दोन किलोचा धोंडा उचलून त्यात टाकला आणि मग जी निघाली ती हरणासारखी. मी मागून धापा टाकत ओरडतोय, आत्या धोंडा कशाला, आणि ती वरून सांगतेय, "रिकाम्या डोक्यानं मला चढाय येत न्हाई. त्वाल जातोय." जन्मात ती कधी रिकामी चढलीच नव्हती. पाणी, जळण, कडब्याची पेंढी, विहिरीतला राडा म्हणजे उकरलेली दगडमाती, काही ना काही डोक्यावर होतंच. नुसतं चढायसाठी चढायचं हे तिच्या शरीराला ठाऊकच नव्हतं. वाटेत पुण्याकडची चार तरुण मंडळी भेटली, हातात दोन दोन काठ्या, पाठीवर भल्यामोठ्या सॅक. त्यांना मागं टाकून आत्या पुढं गेली. त्यातली एक मुलगी माझ्याकडं असं बघायला लागली, की जणू म्हातारीच्या डोक्यावर बोजा देऊन हात हलवत चाललेला नराधम मीच. समजावून सांगायला माझ्याकडं श्वास नव्हता.

मधल्या सपाटीवर आम्ही पाणी प्यायलो तेव्हा तिनं विहिरीचा विषय काढला. तो निघणारच होता. आत्याशी कुठलंही बोलणं अर्ध्या तासाच्या आत विहिरीपाशी येतं.

ती विहीर अशी. आत्याचं लग्न झाल्यावर दोन-तीन वर्षांत तिनं आणि मामांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, रानात विहीर काढायला घेतली. मजूर नाहीत, यंत्र नाही. मामा खाली पहार मारायचे, सुरुंगाचं काम करायला एक माणूस यायचा, आणि राडा पाटीत भरून डोक्यावरून वर आणायची ती आत्या. आमच्याकडं खोली परसात मोजतात. माणूस हात वर करून उभा राहिला की तो एक परस. आठ परसापर्यंत मुरूम आणि मांजऱ्या, म्हणजे पांढऱ्या दाण्यांचा मऊ खडक. तिथून खाली काळा कातळ लागला. दहा परस झाले, अकरा झाले, बारा झाले, कातळ काही संपेना. आत्या म्हणायची, ह्याच्याखाली तांबडा आहे आणि तांबड्यावर पाणी आहे, अजून एक परस जाऊ. का म्हणायची? तिच्या माहेरच्या, म्हणजे आमच्या, विहिरीत तसं लागलं होतं. पण एक दिवस मामांनी वर येऊन पहार टाकली आणि सांगितलं, खाली काळाच आहे, कोरडा ठणठणीत, आता बास. आणि ते काम जे थांबलं ते थांबलंच.

मग गावानं ते धरलं. कुणाचं काही फुकट गेलं की लोक म्हणायचे, "गेलं आत्तीच्या हिरीत." आत्ती म्हणजे हीच. पोरगा नापास झाला, गेला आत्तीच्या हिरीत. मत वाया गेलं, गेलं आत्तीच्या हिरीत. ज्यांनी ती विहीर पाहिलीही नाही अशा नव्या सुनासुद्धा तसं म्हणतात. आता त्या बाजूला कालव्याचं पाणी आलंय, आत्याच्या रानात डाळिंब आहे, पाण्याची ददात नाही. पण आपण तेव्हा येड्यासारखं बोललो की बरोबर बोललो, एवढं तिला मरायच्या आधी कळायला हवं होतं. "बारा परस राडा ह्या डोक्यानं वर काढला," ती चुंबळ नीट करत म्हणाली, "आन् डोस्क्यातच काय न्हाई म्हनत्यात माझ्या." हे सांगताना ती हसली नाही.

वर पोचलो आणि माझं सुरू झालं. समोर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं भलंमोठं पठार, त्यावर पिवळं पडत चाललेलं गवत, भणाणणारा वारा, आणि शंभर पावलांवर ते पठार एकदम संपलेलं. जमीनच नाही पुढं. मला पोटातून पहिली उकळी आली. मी खाली बसलो. मग ओणवा झालो. नववीच्या बावीस तुकड्यांना ज्या काठावर मी उभा राहिलो म्हणून सांगितलं होतं, तिथं मी शेळीसारखा चार पायांवर, हॅ हॅ हॅ करत सरकत गेलो. आत्या डोक्यावर धोंडा घेऊन माझ्या शेजारून ताठ चालत होती. "काय झालं रं? गुदगुल्या हुत्यात का?"

"भीती वाटते आत्या," मी हसून हसून रडवेला होत म्हणालो.

"मग रड की. हसतोयस कशाला?" आणि तीही हसायला लागली. मला धड सांगता येत नाही, पण त्या उघड्या सड्यावर, वाऱ्यात, पन्नाशीचा मास्तर रांगतोय आणि सत्तरीची बाई डोक्यावर धोंडा घेऊन हसतेय, असं आम्ही बराच वेळ हसलो. पोटात कळ आली. मला वाटतं शाळकरी वयानंतर मी इतका आनंदात कधी नव्हतो.

काठापासून हातभर अलीकडं मी पोटावर पालथा पडलो आणि मान पुढं काढली.

आईशप्पथ. माझा फळा. माझा अख्खा फळा तिथं उभा होता, फक्त कोणी तरी तो डोंगराएवढा काढून ठेवला होता. समोरच्या भिंतीवर सगळ्यात वर जांभ्याची टोपी, खाली काळा कडा, सरळ उभा, मग गवताची हिरवी-पिवळी कडेवरून गेलेली पायरी, खाली पुन्हा काळा कडा, पुन्हा पायरी. आणि दोन काळ्यांच्या मध्ये, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुंकवाचं बोट ओढल्यासारखा तांबडा पट्टा. मी ओरडायला लागलो, "आत्या, एक लाव्हा आला, थिजला, मग मध्ये लई काळ गेला, वरची माती झाली, मग दुसरा लाव्हा आला आणि त्यानं ती माती भाजली, वीट भाजावी तशी! तो तांबडा म्हणजे भाजलेली माती! सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी!"

"तवा कोण बगाय गेलं हुतं?" आत्या म्हणाली. पण तिचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. तिनं पिशवी खाली ठेवली होती आणि काठावर उकिडवी बसून ती समोरच्या भिंतीकडं बोट करून काही तरी पुटपुटत होती. ती परस मोजत होती. वरून खाली, बोटानं, एक, दोन, तीन. गवताच्या पायरीतला मांजऱ्या कुठं संपला, काळा कुठं सुरू झाला, सगळं तिला माझ्याआधी दिसत होतं. मी हे पुस्तकात वाचलं होतं, ती ह्याच्या पोटात उतरली होती.

"ही तर हीर हाय," ती म्हणाली. "उभी चिरून ठिवलीया."

मग तिला पाणी दिसलं. तांबड्या पट्ट्याच्या बरोबर वर, काळा जिथं संपतो तिथं, कडा ओला होता. आडवी ओल, लांबच लांब, तिच्यावर नेचे उगवलेले, आणि दोन-तीन ठिकाणी पाण्याची धार उन्हात चमकत खाली पडत होती. बाकी सगळी भिंत कोरडी. आत्या उठून उभी राहिली. मी डोळे मिटले.

"बोल," ती म्हणाली, "तू मास्तर हायस. काळ्याखाली तांबडं हाय का न्हाई? तांबड्यावर पाणी हाय का न्हाई?"

"आहे."

"मग माझ्या हिरीत बी असंल का न्हाई?"

इथं मला हो म्हणता आलं असतं. जो माणूस बावीस वर्षं न पाहिलेल्या काठावरचे थर मोजतो, त्याला एक हो कितीसा जड? पण ती माझ्याकडं अशी बघत होती, की माझं हसूसुद्धा थांबलं. मी म्हणालो, "आत्या, सांगता येत नाही. इथला लाव्हा वेगळा, तुमच्याकडचा वेगळा. सगळीकडं तांबडा असतोच असं नाही. तांबडा असला तरी पाणी असतंच असं नाही. उकरल्याशिवाय कुणालाच कळणार नाही."

ती पुन्हा त्या ओलीकडं वळली. मला फार वाईट वाटलं. खोटं बोलायचं तेव्हा कसा जीभ सैल सोडतो, आणि आज हिच्यापुढं बरा हरिश्चंद्र झालो, असं मी स्वतःला म्हणालो. मग ती म्हणाली, "तुझ्या मामांना दाव हे. फोन लाव तोंड दिसतंय तसला."

रेंज शोधत मी सडाभर फिरलो, म्हणजे रांगलो. रेंज एकाच ठिकाणी येत होती आणि ती जागा, अर्थातच, अगदी काठावर होती. मी पुन्हा पालथा पडलो, एक हात घळीवर काढला, त्या हातात फोन, दुसऱ्या हातानं गवत मुठीत धरलेलं, आणि आत्या माझ्या पायांवर बसली, मी वाऱ्यानं उडू नये म्हणून. हसू परत सुरू झालं होतं, त्यामुळं फोन हलत होता. मामांना त्यांच्या थोरल्यानं, फौजेतून पेन्शनीत आल्यावर, मोठा फोन घेऊन दिलाय, पण ते तो कानालाच लावतात. त्यामुळं आम्हाला आधी बराच वेळ मामांचा कान दिसला.

"आवं, कानाचा काडा त्यो!" आत्या ओरडली. "म्होरं धरा! बगतायसा का? काळ्याखाली तांबडं! वर पाणी! दिसतंय का?"

मामांचं तोंड आलं. जाड चष्मा, पांढऱ्या मिशा. ते पडद्याच्या अगदी जवळ आले, बघत राहिले. मला वाटलं नेट अडकलं. आत्या बोलतच होती. मी म्हनत हुते का न्हाई. एक परस म्हनत हुते. तुमी ऐकलं न्हाई. मास्तर म्हनतोय सांगता येत न्हाई, त्येला काय कळतंय.

"मला ठाव हाय," मामा म्हणाले.

"काय ठाव हाय?"

"तांबडं हुतं ते. आपल्या हिरीत. शेवटच्या सुरुंगाला वर आलं हुतं, ओलं. मी राड्याखाली झाकलं."

आत्या माझ्या पायांवर होती म्हणून मला कळलं, ती एकदम जड झाली. वारा होता, तरी सगळं ऐकू येत होतं. मामा सावकाश बोलत होते, जणू हे वाक्य त्यांच्या तोंडात तयारच होतं. "आदल्या दिवशी वरनं धोंडा सुटला हुता. तुज्या कानाला चाटून गेला. थोरला पोटात हुता, सातवा म्हैना. तू वर बगितलंस आन् हसलीस. माजं हातपाय गार पडलं. दुसऱ्या दिवशी तांबडं दिसलं तवा म्हनलं, हिला कळलं तर ही आणिक खाली उतरंल. म्हनून काळाच हाय म्हनून सांगितलं."

"पंचेचाळीस वरसं?" आत्या म्हणाली.

"व्हय."

"गाव हसत हुतं मला. तुमीबी हसलासा."

"हसलो. नसतो हसलो, तर का न्हाई हसत ते सांगाय लागलं असतं."

ती रागावली. असा राग मी तिचा कधी पाहिला नव्हता, कारण तो ओरडण्याचा नव्हता. तिनं पदरानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, आणि नुसतं म्हणाली, "थोरला झाल्यावर तरी सांगायचं. त्यो रांगाय लागल्यावर सांगायचं. त्यो फौजेत गेला तवा सांगायचं."

"आदी तू उतरशील म्हनून भ्यालो. मग इतकं दिस झालं म्हनून भ्यालो." मामांनी चष्मा वर सरकवला. "त्याच दिवशी सांगितलं असतं, तर थांबली असतीस?"

मी मान वळवून आत्याकडं बघितलं. ती समोरच्या पट्ट्याकडं, त्यावरून पडणाऱ्या पाण्याकडं बघत होती. तिनं खरंच विचार केला. मग तिच्या तोंडावर हळूहळू ते आमच्या घराण्याचं हसू पसरलं. माझं हसू कुठून आलं ते मला त्या दिवशी कळलं.

"न्हाई," ती म्हणाली.

"बग."

"पर सांगायचं हुतं."

"व्हय," मामा म्हणाले. "सांगायचं हुतं."

मग आत्यानं पडद्यावर बोट रोखलं. "मी अजून दोन दिस हितं हाय. मी न्हाई तवर पारावर जावा आन् सांगा. मी आल्यावर सांगितलंसा तर बायकूनं बोलाय लावलं म्हनतील. तुमचं तुमी सांगा. समद्यास्नी सांगा, तांबडं हुतं म्हनून, आन् तुमी झाकलं म्हनून."

मामांनी मान हलवली. फोन कुठं तरी ठेवला, बहुतेक बाजेवर, कारण पडद्यावर फक्त घराचा पत्रा दिसायला लागला. फोन बंद करायचा असतो हे त्यांच्या अजून लक्षात येत नाही. पत्र्याखालून आवाज आला, "ए सूनबाई, माझा पटका कुठं हाय?" मग सूनबाईंचा आवाज, ऐन दुपारी कुठं निघालाय म्हणून. मग, "पारावर. काम हाय." मग काठीचा आवाज, एक एक पायरी उतरत गेलेला.

मी फोन बंद करायला अंगठा पुढं नेला.

"राहू दे," आत्या म्हणाली.

ती माझ्या पायांवरून उतरून माझ्या शेजारी आली आणि घळीच्या काठावर पोटावर पालथी पडली, हनुवटी हातांवर टेकून. त्यांच्या घराचा रिकामा पत्रा आम्ही दोघं बघत राहिलो, बॅटरी संपेपर्यंत.